मुसाफिराची पहिली संध्याकाळ

थोरल्या लेकीला नांदेडच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा घरात आधी आनंद झाला आणि लगेच काळजी लागली. आनंद तिचा, काळजी आमची. लातूरबाहेर ती कधी एकटी राहिलेली नाही. आता चार वर्षे वसतिगृहात राहणार. कागदपत्रे घेऊन सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचे होते. आम्ही ठरवले, रविवारीच निघू, दुपारी पोहोचू आणि संध्याकाळी शहर बघून घेऊ. सोबत धाकटा मुलगा होता आणि "पोरगी जिथं राहणार ते गाव मला बघायचंय" म्हणून हट्ट धरलेल्या दादी होत्या.

आदल्या रात्री आम्ही कागद-पेन घेऊन यादी केली. सचखंड गुरुद्वारा, गोविंदबागेतला लेझर शो, गोदावरीकाठचा नंदगिरी किल्ला, विष्णुपुरीचे धरण, काळेश्वर, इतवाऱ्याचा बाजार. वाटेत लोह्याहून वळले तर कंधारचा किल्ला आणि तिथली बडी दर्गाहही होईल, असा आमचा हिशेब. एकूण आठ नावे झाली आणि हाताशी होती एक संध्याकाळ. दादींनी यादी ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "इत्ती घाई कायकू बेटा? हैदराबाद भूल गए क्या?"

हैदराबाद आम्ही विसरलो नव्हतो. काही वर्षांपूर्वी सगळे कुटुंब घेऊन तिकडे गेलो होतो. दुपारी उतरलो, सामान खोलीत टाकले आणि तसेच बाहेर पडलो. चारमिनारच्या पायऱ्या चढलो, मक्का मशीद पाहिली, लाड बाजारात बांगड्यांसाठी तासभर उभे राहिलो आणि अंधार पडता पडता गोवळकोंड्याकडे निघालो. रात्री अकरा वाजता खोलीवर परतलो तेव्हा धाकट्याला ताप भरला होता आणि दादींचा रक्तदाब वाढला होता. पुढचे दोन दिवस त्या खोलीतच गेले. सालारजंग संग्रहालय राहून गेले ते राहूनच गेले. चारमिनार १५९१ पासून उभा आहे. आमच्यासाठी तो आणखी एक रात्र सहज उभा राहिला असता.

म्हणून दादींच्या त्या एका प्रश्नावर आम्ही यादीची घडी घातली आणि नवे ठरवले. पहिल्या संध्याकाळी तीनच गोष्टी करायच्या: थोडी विश्रांती, एक जागा आणि एक जेवण. बाकीचे शहर उद्यासाठी. उद्या जमले नाही तर लेक इथेच राहणार आहे, येणे-जाणे होतच राहील, इन्शाअल्लाह.

सवलत घ्यायला शिका

लातूर ते नांदेड साधारण १४० किलोमीटर. अहमदपूर, लोहा करत गेले की तीन तासांचा रस्ता. अंतर फार नाही, तरी वयस्क माणूस आणि सामान सोबत असले की शरीर थकते. हे आपण मान्य करत नाही. "एवढ्यात काय थकायचं?" असे म्हणून स्वतःलाही हाकतो आणि घरच्यांनाही.

आपल्या दीनने मात्र मुसाफिराचा थकवा मान्य केलेला आहे. सूरह निसामध्ये प्रवासात नमाज कमी करण्याची मुभा आली आहे. हनफी मतानुसार घरापासून साधारण ७८ किलोमीटरच्या पुढे प्रवास असेल आणि मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असेल, तर जुहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी दोनच पढायच्या. फजर आणि मगरिब जशीच्या तशी. स्थानिक इमामामागे उभे राहिलात तर मात्र पूर्ण चार. रमजानच्या रोज्यांबाबतही मुसाफिराला नंतर पूर्ण करण्याची सोय आहे. जिथे फर्ज इबादतीतही प्रवाशाला सवलत आहे, तिथे किल्ले आणि बागा बघण्याच्या यादीत सवलत का नसावी?

नांदेडात पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. खोली आधीच सांगून ठेवली होती, तीही तळमजल्यावरची, कारण दादींचे गुडघे. गुरुद्वाऱ्यामुळे या शहरात यात्रेकरूंची ये-जा बारा महिने असते. अमृतसरहून थेट सचखंड एक्स्प्रेस येते, त्यामुळे राहण्याच्या सोयी भरपूर आहेत. तरी सणाच्या दिवसांत खोली आधी ठरवलेली बरी. सगळ्यांची ओळखपत्रे एका पाकिटात ठेवली होती, ती काउंटरवर दिली आणि किब्ला कोणत्या बाजूला ते विचारून घेतले. दोन तास सगळे आडवे झाले. हैदराबादला हेच दोन तास आम्ही वाचवले होते आणि दोन दिवस घालवले होते.

नगीनाघाटावर

असरची कसर नमाज पढून आम्ही रिक्षाने नगीनाघाटावर गेलो. पावसाळा होता, पण त्या दिवशी आभाळ उघडले होते. घाटाच्या वरच्या पायरीवर दादींना जागा करून दिली, त्यांच्याशेजारी आम्ही बसलो. समोर गोदावरी दोन्ही काठ भरून चालली होती.

पंधरा मिनिटे कुणी काही बोलले नाही. बाहेरगावच्या माणसाला याचे नवल वाटेल, पण आम्ही लातूरकर आहोत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्या शहराला रेल्वेने पाणी आले होते. १२ तारखेला आलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती. टँकर आला की छोटी कळशी घेऊन ती आमच्यासोबत रांगेत उभी राहायची. रात्री दोनला टँकर आला तर रात्री दोनला. त्या वर्षी घरात वजूचे पाणी तांब्याने मोजून मिळायचे आणि तेच खाली परातीत धरून कुंडीतल्या झाडाला घालायचो.

"अम्मी, हे सगळं पाणी असंच वाहून जातं?" लेकीने हळूच विचारले.

असेच नाही जात, आम्ही तिला सांगितले. वर विष्णुपुरीला अडवतात, उचलून शेतांना देतात, शहराला देतात. उरलेले पुढे तेलंगणात जाते. आणि तिथे कंदकुर्तीजवळ आपली मांजरा याच नदीला येऊन मिळते. लातूरच्या वाट्याचे पाणी जिच्यावर अवलंबून असते ती मांजरा. लेक थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी फार लांब नाही आले." आम्ही काहीच उत्तर दिले नाही. गळा दाटला होता, हे खरे कारण.

नदीकाठच्या नावांची गोष्ट दादींना ठाऊक होती. त्यांच्या लहानपणी हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि नांदेडचे लोक त्यांच्या माहेरी येत-जात. नगीनाघाट आणि हिराघाट, दोन्ही नावांमागे रत्नांच्या कथा आहेत. गुरू गोविंदसिंगांना कुणी नगीना भेट दिला, कुणी हिरा, आणि त्यांनी तो गोदावरीत टाकून दिला, असे सांगतात. हिराघाटचा हिरा देणारा खुद्द बादशहा बहादूरशहा होता, असे म्हणतात.

धाकट्याचा प्रश्न

बादशहाचे नाव निघाले आणि आठवीतल्या धाकट्याने मनात धरून ठेवलेला प्रश्न विचारला. "पण अब्बा, बादशहांनी तर शिखांवर जुलूम केला ना? मोबाइलवर दाखवतात. मग ते लोक आपल्याला आत येऊ देतील का?"

थोरलीने मान वळवली नाही, पण तिचे कान इकडेच होते. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. तेव्हा आमच्या लक्षात आले की धाकट्याने विचारलेला प्रश्न खरे तर तिचाही होता. या शहरात उद्यापासून ती एकटी फिरणार. लोक आपल्याकडे कसे बघतील, हा विचार तिच्या मनात प्रवेशाची यादी लागल्यापासून असणार. आम्ही मेस, फी, गादी, बादली यांचा हिशेब करत राहिलो आणि हे विचारलेच नाही.

मुलांना खोटे सांगायचे नाही, हे आम्ही पूर्वीच ठरवले आहे. म्हणून जे घडले ते सांगितले. नववे गुरू तेगबहादूर यांना १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने दिल्लीत ठार केले. गोविंदसिंग हे त्यांचे पुत्र. त्यांच्या चार मुलांपैकी दोघे चमकौरच्या लढाईत गेले आणि धाकट्या दोघांना सरहिंदचा सुभेदार वजीर खान याने मारवले. लहान मुले होती ती. हे झाले आहे आणि ते जुलूमच होते. जुलूम करणाऱ्याचे नाव आपल्यासारखे असले म्हणून तो जुलूम राहत नाही असे नाही.

पण गोष्ट तेवढीच सांगून थांबणारा अर्धी गोष्ट सांगतो. त्याच वेळी मालेरकोटल्याचा नवाब शेर मुहम्मद खान याने त्या मुलांना मारण्याला भर दरबारात विरोध केला. शिखांनी ते लक्षात ठेवले. १९४७ मध्ये पंजाब पेटला होता तेव्हाही मालेरकोटला शांत राहिला. माछीवाड्याच्या जंगलात गुरू एकटे पडले तेव्हा नबी खान आणि गनी खान या दोन पठाण भावांनी त्यांना पीराच्या वेशात पालखीतून सुखरूप बाहेर काढले. साढौऱ्याच्या पीर बुद्धू शाह यांचे मुलगे गुरूंच्या बाजूने लढताना कामी आले, असे शीख परंपरा आजही आदराने सांगते. गुरू स्वतः फारसीचे जाणकार होते. औरंगजेबाला त्यांनी लिहिलेले 'जफरनामा' हे पत्र फारसी पद्यात आहे.

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला आणि आपल्याच मराठवाड्यात, खुलताबादेत, साध्या कबरीत दफन झाला. त्याचा मुलगा बहादूरशहा गादीवर आला. त्याने गुरूंशी सलोखा केला. दक्षिणेकडे आलेल्या त्याच्या लष्करासोबत गुरू १७०८ मध्ये नांदेडला पोहोचले. इथेच त्यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोर वजीर खानाने पाठवलेले पठाण होते, असे शीख परंपरा मानते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचे इथे निधन झाले. जाण्यापूर्वी त्यांनी, यापुढे कुणी माणूस गुरू होणार नाही, ग्रंथच गुरू, असे सांगितले. त्या ग्रंथात बाबा फरीद यांची वाणी आहे आणि आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे संत नामदेव यांचीही आहे.

धाकट्याने सगळे ऐकले आणि म्हणाला, "मग हे मोबाइलवर का नाही दाखवत?" त्याला काय सांगावे! खोलीवर परतलो, मगरिब सगळ्यांनी मिळून पढली आणि मग गुरुद्वाऱ्याकडे निघालो.

पंगतीत

सचखंडाची आजची इमारत पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होते. लाहोरच्या महाराजाने हैदराबादच्या निजामाच्या मुलखात गुरुद्वारा उभारला, हे एकच वाक्य मुलांना पुष्कळ काही शिकवून जाते. त्या काळी निजामाच्या चाकरीत आलेल्या लाहोरी फौजेतल्या अनेकांनी दख्खनमध्येच घरे केली. त्यांचे वंशज आज मराठी आणि आपल्यासारखी दखनी सहज बोलतात.

आत जाणाऱ्यांसाठी नियम साधे आहेत. चपला जोडाघरात द्यायच्या, हात-पाय धुवायचे आणि डोके झाकायचे. तंबाखू, सिगारेट खिशातही नको. दारावरच्या म्हाताऱ्या सेवादाराने आम्हा बापलेकांच्या हातात केशरी रुमाल दिले. मग दादींकडे, लेकीकडे आणि तिच्या अम्मीकडे पाहून तो हसून मराठीत म्हणाला, "तुम्हाला रुमाल नको. तुम्ही घरूनच झाकून आलात." लेक त्या संध्याकाळी पहिल्यांदा मोकळेपणी हसली. ज्या ओढणीची तिला काळजी वाटत होती, तीच इथे नियमात बसली होती.

आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो, पाहुण्यासारखे वागलो. आवारात एका बाजूला बसून पाठ ऐकला, संगमरवरावर पडलेला दिव्यांचा उजेड पाहिला. आमची नमाज आमच्यापाशी, त्यांची अरदास त्यांच्यापाशी. कुणी आम्हाला काही करायला सांगितले नाही आणि कुणी काही विचारलेही नाही.

तिथून रिक्षाने लंगर साहिबला गेलो. जेवण शाकाहारी असते, त्यामुळे आपल्या घरच्यांना हलाल-हरामची चिंता नाही. लांब पट्टीवर सगळे एका ओळीत बसतात. आमच्या एका बाजूला पंजाबातले शेतकरी कुटुंब, दुसऱ्या बाजूला दवाखान्यात रुग्ण ठेवून आलेले हदगावकडचे दोघे भाऊ. दादींना खाली बसणे जमेना, तर एका मुलाने न सांगता स्टूल आणून दिले. ताटात डाळ, भाजी, भात पडत गेला. रोटी मात्र ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात पुढे करून घ्यावी लागते. दादींनी दोन्ही हात पसरले, रोटी घेतली आणि लेकीच्या कानात म्हणाल्या, "देख, दुआ के जैसे हाथ करना पड़ते."

वाढणाऱ्या बाईंनी लेकीला विचारले, "कुठल्या तुम्ही?"

"लातूरच्या. उद्या इथे ॲडमिशन आहे. होस्टेलला राहणार."

"होस्टेलला? मग रविवारी संध्याकाळी मेस बंद असते ना? तेव्हा इथे ये. मैत्रिणींनाही आण." एवढे बोलून बाई डाळीची बादली घेऊन पुढच्या ताटाकडे गेल्या.

बाईंच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हते. रोज हजारोंना वाढणाऱ्या हाताने एक माहिती दिली, इतकेच. पण आमच्या घरात गेले दोन महिने जी काळजी कुणी बोलून दाखवत नव्हते, तिच्यावरचे अर्धे ओझे त्या वाक्याने उतरवले. आपली मुलगी परक्या शहरात एका रविवारी उपाशी राहणार नाही, हे कळले की आई-बापाला झोप लागते. जेवण झाल्यावर लेक स्वतःच भांडी घासण्याच्या जागेकडे गेली आणि अर्धा तास ताटे विसळत राहिली. आम्ही दादींना घेऊन बाहेर बाकावर थांबलो.

परतताना

नऊला खोलीवर आलो. इशाच्या दोन रकाती झाल्या. लेझर शो पाहिला नाही, किल्ला पाहिला नाही, इतवाऱ्याची तहारीही राहिली. यादीतल्या आठपैकी एकच नाव पूर्ण झाले होते. घाट आणि लंगर तर यादीत नव्हतेच. साडेनऊला सगळे झोपले, दादीसुद्धा.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक घरांत आता अशी वेळ येते. मुले-मुली शिकायला नांदेडला, लातूरला, संभाजीनगरला, पुण्याला जातात. सोडायला गेलेले आई-बाप पहिल्याच संध्याकाळी धावपळ करतात: बादली घ्या, हँगर घ्या, हे बघा, ते बघा. बादली दुसऱ्या दिवशीही मिळते. त्या मुलाच्या मनातला प्रश्न मात्र तुम्ही शांत बसलात तरच बाहेर येतो. म्हणून आमचा अनुभवाचा सल्ला एवढाच: पोहोचल्यावर आधी दोन तास पडा. मग एखाद्या नदीकाठी, तलावाकाठी किंवा जुन्या मशिदीच्या ओट्यावर मुलांसोबत काही न करता बसा. लातूरला आलात तर गोलाईत बसा. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथे, बघायला कमी नाही. आणि रात्रीचे जेवण त्या गावच्या लोकांच्या पंगतीत बसून करा.

सोमवारी सकाळी प्रवेशाच्या रांगेत लेकीच्या पुढे एक सरदारजींची मुलगी उभी होती. फॉर्मवर गोंद लावायची म्हणून तिने मागे वळून विचारले, "तेरे पास गोंद है क्या?" आमच्या लेकीने पिशवीतून बाटली काढून दिली. आम्ही दाराशी उभे होतो. तिने हाताने खूण केली की तुम्ही बाहेर चहा प्या, मी येते.

आम्ही चहा प्यायला गेलो.